स्क्रोलबार विजेट: थंब कुठे असावा हे कोणी ठरवायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेची सभासद यादी दाखवणारा प्रोग्रॅम तुम्ही सी भाषेत लिहीत आहात आणि त्यासाठी एसडीएल या ग्राफिक्स लायब्ररीच्या आधारावर स्वतःचे छोटे टूलकिट (बटणे, स्क्रोलबार असे पडद्यावरचे घटक, म्हणजे विजेट, पुरवणारा कोडसंच) तयार करत आहात. यादीत १,२०० नावे आहेत, काही मराठीत आणि काही कन्नडमध्ये. एक ओळ २४ पिक्सेलची, यादीची दिसणारी उंची ४८० पिक्सेलची आणि वर-खाली २० पिक्सेलची दोन बाणबटणे वगळता स्क्रोलबारचा ट्रॅक, म्हणजे थंब ज्या पट्टीत सरकतो ती, ४४० पिक्सेलचा आहे. थंब, म्हणजे माऊसने ओढायचा ठोकळा, फार बारीक होऊ नये म्हणून त्याची किमान लांबी तुम्ही २४ पिक्सेल ठेवली आहे. तक्रारी चार आहेत: थंब पकडताच तो उडी मारतो, थंब तळापर्यंत ओढला तरी शेवटची सुमारे ४५ नावे दिसत नाहीत, उलट कीबोर्डने खाली गेले तर शेवटी रिकामा पडदा येतो, खिडकीचा आकार बदलला की यादी दोन-तीन ओळी सरकते, आणि कन्नड नावांसाठी ओळींची उंची प्रत्यक्ष मोजायला लागल्यापासून थंब ओढताना थरथरतो.

पाठवलेला कोड मी वाचला. त्यात 'थंब_वाय' (ट्रॅकवर थंब कुठे आहे) आणि 'स्क्रोल_वाय' (मजकूर किती वर सरकला आहे) असे दोन चल आहेत. माऊसने ओढले की पहिला बदलतो आणि त्यावरून दुसरा काढला जातो. बाण दाबला की दुसरा बदलतो आणि त्यावरून पहिला काढला जातो. चारपैकी बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे. एकाच गोष्टीची दोन ठिकाणी नोंद ठेवली की केव्हातरी त्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि मग खरी कोणती हे प्रोग्रॅमलाही ठरवता येत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती अशी करा की 'थंब_वाय' हा चल पूर्णपणे काढून टाका. मजकुराचा कोणता भाग दिसतो आहे याची नोंद मजकुराच्याच मापात ठेवायची, आणि थंब कुठे काढायचा हे प्रत्येक वेळी रंगवताना त्या नोंदीवरून मोजायचे.

हे तत्त्व नुसते नीटनेटकेपणासाठी नाही, हे तुमच्याच आकड्यांवरून दिसते. मजकुराची एकूण उंची १,२०० × २४ म्हणजे २८,८०० पिक्सेल आहे. प्रमाणात काढला तर थंब ४४० × ४८० ÷ २८,८०० म्हणजे जेमतेम ७.३ पिक्सेलचा होतो, म्हणून तुमची २४ पिक्सेलची किमान मर्यादा लागू होते. आता थंबला सरकायला ४४० नव्हे, तर ४४० − २४ म्हणजे ४१६ पिक्सेलच उरतात. दुसऱ्या बाजूला, मजकूर जास्तीत जास्त २८,८०० − ४८० म्हणजे २८,३२० पिक्सेलच वर सरकायला हवा, कारण त्यानंतर शेवटची ओळ पडद्याच्या तळाशी येते. त्यामुळे गुणोत्तर या दोन उरलेल्या मापांचे घ्यावे लागते (इथे मूल्य म्हणजे मजकूर किती पिक्सेल वर सरकला आहे ती संख्या, आणि पेज म्हणजे दिसणारी उंची):

थंबचे स्थान = (ट्रॅक − थंब) × मूल्य ÷ (एकूण − पेज)

तुम्ही मात्र ट्रॅक आणि एकूण उंची यांचे सरळ गुणोत्तर घेतले आहे. थंब ४१६ वर अडतो तेव्हा तुमच्या सूत्राने मूल्य ४१६ × २८,८०० ÷ ४४० म्हणजे सुमारे २७,२२९ येते. गाठायचे होते २८,३२०. उरलेल्या १,०९१ पिक्सेलांत २४ पिक्सेलच्या ४५ ओळी बसतात, आणि हीच तुमची हरवलेली नावे. कीबोर्डच्या मार्गात मात्र तुम्ही मूल्याची कमाल मर्यादा २८,८०० ठेवली आहे, त्यामुळे तिथे शेवटच्या ओळीच्याही पलीकडे जाता येते आणि रिकामा पडदा दिसतो. दोन्ही मार्गांनी एकच मर्यादा, म्हणजे एकूण वजा पेज, पाळली की दोन्ही दोष एकदम जातात. ही मर्यादा प्रत्येक कॉलबॅकमध्ये, म्हणजे माऊस किंवा कीबोर्ड वापरल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, वेगळी तपासू नका. मूल्य बदलणारे एकच फंक्शन असावे आणि मर्यादा तिथेच लागू व्हावी.

या कमाल मर्यादेबाबत रूढ टूलकिटांमध्येच एकवाक्यता नाही, त्यामुळे एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना नेमकी हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. क्यूटीच्या स्क्रोलबारमध्ये कमाल मूल्य म्हणजे खरोखर गाठता येणारे शेवटचे मूल्य. पेज त्यात धरलेले नसते. जीटीकेच्या ॲडजस्टमेंटमध्ये (मूल्य आणि मर्यादा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) वरची मर्यादा पेज धरून असते, म्हणून मूल्य त्या मर्यादेतून पेज वजा करून येणाऱ्या संख्येपर्यंतच जाते. जावाच्या स्विंगमध्येही मूल्य अधिक एक्स्टेंट (पेजचे तिथले नाव) हे कमालपेक्षा मोठे होऊ शकत नाही. विंडोजमध्ये पेज धरलेले असते, पण कमाल संख्या स्वतःही मोजली जाते, त्यामुळे गाठता येणारे मूल्य कमाल वजा पेज अधिक एक इतके येते. तुम्ही यांपैकी कोणतीही पद्धत निवडा, पण हेडर फाइलमध्ये ती शब्दांत लिहून ठेवा. मला स्वतःला जीटीकेची पद्धत पटते, कारण यादीची खरी उंची आहे तशी देता येते आणि वजाबाकी विजेटकडे राहते.

आता खिडकीचा आकार बदलल्यावर यादी का सरकते ते पाहू. वरच्या मापांत थंबचा एक पिक्सेल म्हणजे मजकुराचे २८,३२० ÷ ४१६, अर्थात सुमारे ६८ पिक्सेल, म्हणजे जवळजवळ तीन ओळी. थंबचे स्थान पूर्णांकात साठवून त्यावरून मूल्य परत काढले, तर राउंडिंगमध्येच दोन-तीन ओळी गळतात, आणि खिडकीचा आकार बदलताना तुमचा कोड हेच करतो. बाण दाबून एक ओळ खाली गेल्यावर थंब ०.३५ पिक्सेलच सरकायला हवा. तो पूर्णांकात साठवणाऱ्या कोडमध्ये एक तर काहीच हलत नाही किंवा तीन ओळींची उडी बसते. मूल्य मजकुराच्या मापात साठवले की थंब पडद्यावर जागचा न हलताही यादी बरोबर एक ओळ पुढे जाते, आणि तेच योग्य आहे.

थंब पकडताच होणाऱ्या उडीचे कारण वेगळे आहे. माऊसचे बटण दाबल्याबरोबर तुम्ही थंबचा वरचा काठ पॉइंटरपाशी आणता. त्याऐवजी बटण दाबताना पॉइंटर आणि थंबचा वरचा काठ यांतले अंतर नोंदवा. पॉइंटर हलला की त्याच्या स्थानातून ते अंतर वजा करून थंबचा अपेक्षित काठ काढा, तो ० ते ४१६ यांच्या मर्यादेत आणा आणि त्यावरून मूल्य मिळवा. हे अंतर ओढणे चालू असेपर्यंतच जिवंत असते, त्यामुळे ते विजेटच्या कायमच्या स्थितीत मिसळू नये. काही जण याऐवजी प्रत्येक हालचालीतला फरक थंबच्या स्थानात मिळवत जातात. तसे करू नका. पॉइंटर ट्रॅकच्या खाली बराच दूर जाऊन परत वर येऊ लागला की त्या पद्धतीत थंब लगेच वर सरकू लागतो आणि पॉइंटर व थंब यांचा मेळ सुटतो. नोंदवलेल्या अंतराच्या पद्धतीत मात्र पॉइंटर थंबवरच्या मूळ पकडीच्या जागी येईपर्यंत थंब तळाशी थांबून राहतो.

ओढत असताना पॉइंटर खिडकीबाहेर गेला तरी इव्हेंट मिळत राहावेत म्हणून माऊस कॅप्चर करणे आवश्यक आहे आणि एसडीएलमध्ये त्यासाठी फंक्शन आहे. पण कॅप्चर सुटण्याचा प्रसंगही हाताळा. दुसरी खिडकी पुढे आली आणि बटण सोडल्याचा इव्हेंट तुमच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर बटण न दाबताही यादी पॉइंटरमागे पळत राहील. ओढायला सुरुवात करतानाचे मूल्यही जपून ठेवावे, म्हणजे एस्केप दाबल्यास तिथे परतता येते. विंडोजवर पॉइंटर स्क्रोलबारपासून फार बाजूला गेला की थंब मूळ जागी परततो. ही सवय असलेले लोक काउंटरवर असतातच, पण अडखळत माऊस चालवणाऱ्याला ती त्रासदायक ठरते, म्हणून मी ती डीफॉल्ट ठेवणार नाही.

थंबच्या वर किंवा खाली रिकाम्या ट्रॅकवर क्लिक केल्यास एक पान सरकवण्याची रीत जुनी आणि उपयोगी आहे. पान म्हणजे पूर्ण ४८० पिक्सेल नको; एक ओळ कमी करून ४५६ ठेवा, म्हणजे आधीच्या पानावरची शेवटची ओळ नव्या पानावर वर दिसते आणि नावे वाचणाऱ्याचा दुवा तुटत नाही. बटण दाबून धरल्यास आधी थोडा थांबा आणि मग ठराविक अंतराने पुनरावृत्ती हवी. इथे दिशा बटण दाबतानाच एकदा ठरवून टाका आणि थंब पॉइंटरखाली पोहोचला की थांबा. प्रत्येक टप्प्याला दिशा नव्याने तपासली, तर थंब पॉइंटरच्या पुढे जाईल, मग मागे येईल, आणि यादी दोन पानांमध्ये झुलत राहील.

माऊसच्या व्हीलबद्दल एकच गोष्ट सांगतो. विंडोजमध्ये व्हीलच्या एका खाचेचे मूल्य १२० धरलेले आहे, पण टचपॅड आणि अधिक सूक्ष्म व्हील याहून लहान संख्या पाठवतात. त्यांना १२० ने पूर्णांकी भागले की भागाकार शून्य येतो आणि यादी हलतच नाही. म्हणून उरलेली बाकी जपून ती पुढच्या इव्हेंटमध्ये मिळवा, आणि दिशा बदलल्यास ती शून्य करा.

विजेट आणि यादी यांनी एकमेकांशी कसे बोलावे, यासाठी जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीके टूलकिटची रचना मी नव्या प्रोग्रामरांना नेहमी अभ्यासायला सांगतो. तिथे स्क्रोलबार स्वतःचा थंब स्वतः हलवत नाही. वापरणाऱ्याने ओढले की तो यादीला 'अमुक अपूर्णांकापाशी जा' एवढीच विनंती करतो. बाण दाबला तर 'एक एकक पुढे जा' आणि ट्रॅकवर क्लिक केले तर 'एक पान पुढे जा' असे सांगतो. यादी आपल्या परीने सरकते आणि मग स्क्रोलबारला दोन अपूर्णांक कळवते: दिसणाऱ्या भागाची सुरुवात आणि शेवट, दोन्ही ० ते १ यांच्या दरम्यान. थंब त्यानंतरच नव्या जागी रंगवला जातो. टीके ४.० च्या आधी यादी चार पूर्णांक कळवत असे. नंतर त्यांच्या जागी हे दोन अपूर्णांक आले आणि स्क्रोलबारला ओळी, पिक्सेल किंवा अक्षरे यांपैकी कशाचीच माहिती असण्याची गरज उरली नाही. तरीही 'एक ओळ पुढे' ही विनंती अपूर्णांकात न बदलता वेगळी ठेवली आहे, हे विशेष लक्षात घ्या, कारण एक ओळ म्हणजे किती हे यादीलाच अचूक माहीत असते.

या एकमार्गी रचनेचा आणखी एक लाभ आहे. तुमच्या कोडमध्ये स्क्रोलबार यादीला बदल कळवतो, यादी स्क्रोलबारला कळवते, तो पुन्हा यादीला कळवतो, आणि हे चक्र थांबवण्यासाठी तुम्ही एक झेंडा (फ्लॅग, म्हणजे हो-नाही एवढेच सांगणारा चल) लावला आहे. मूल्य खरोखर बदलले असेल तरच सूचना पाठवायची आणि यादीकडून आलेल्या माहितीवर फक्त थंब रंगवायचा, उलट विनंती कधीच पाठवायची नाही, असे केल्यास त्या झेंड्याची गरज राहत नाही.

आता थरथरीकडे येतो. आपल्या भागासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण केव्हातरी येते, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कोणत्याही संस्थेच्या यादीत दोन लिप्या शेजारीशेजारी असतात. देवनागरीत रफार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली येतात; कन्नडमध्ये जोडाक्षरातले ओत्तक्षर, म्हणजे दुसरे व्यंजन, ओळीच्या खाली उतरते. शिवाय दोन्ही लिप्या एकाच फाँटमध्ये नसल्या तर कन्नड नावासाठी दुसरा फाँट घेतला जातो आणि त्याची वर-खालची मापे वेगळी असतात. साहजिकच ओळींची उंची असमान होते. हार्फबझसारख्या अक्षरांची मांडणी करणाऱ्या लायब्ररीकडून प्रत्येक नावाची मांडणी करून घेतल्याशिवाय ओळीची शाई किती जागा व्यापते हे कळत नाही, आणि सगळी नावे आधीच मोजणे जुन्या संगणकाला जड जाते; म्हणून न पाहिलेल्या ओळींसाठी तुम्ही २४ पिक्सेलचा अंदाज धरता. यादी ओढताना नव्या ओळी दिसतात, त्या मोजल्या जातात, एकूण उंची बदलते, आणि पॉइंटर स्थिर असूनही त्या क्षणी थंबचे स्थान वेगळे येते. त्यावरून मूल्य पुन्हा काढले की नव्या ओळी दिसतात, आणि हे चक्र चालू राहते.

तुमच्या प्रोग्रॅमपुरते माझे मत स्पष्ट आहे: सभासद यादीसाठी असमान उंची वापरूच नका. दोन्ही फाँटांची बेसलाइनच्या (अक्षरे ज्या काल्पनिक रेषेवर बसवली जातात तिच्या) वरची आणि खालची कमाल मापे घ्या, त्यांची बेरीज ही सर्व ओळींची उंची ठरवा आणि सर्व नावे एकाच बेसलाइनवर बसवा. ओळ कदाचित २८ किंवा ३० पिक्सेलची होईल, पडद्यावर थोडी कमी नावे मावतील, पण कोणत्याही नावाचे ओत्तक्षर किंवा रफार कापला जाणार नाही. समान उंचीच्या ओळी नजरेलाही सोप्या जातात आणि कितवी ओळ कुठे आहे हे एका गुणाकारात कळते.

जिथे असमान उंची टाळता येत नाही, उदाहरणार्थ सभेचा इतिवृत्तांत दाखवताना, तिथे नोंद पिक्सेलमध्ये न ठेवता 'वरची दिसणारी ओळ कितवी आणि तिचा किती भाग वर गेला आहे' अशी ठेवा. वरच्या न पाहिलेल्या ओळींचा अंदाज नंतर बदलला तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा मजकूर हलत नाही. फक्त थंब किंचित सरकतो. ओढणे चालू असताना मात्र सुरुवातीची एकूण उंची गोठवून ठेवा आणि बटण सोडल्यावर नवी उंची लागू करा. हजारो ओळींच्या उंचीची बेरीज प्रत्येक वेळी पहिल्यापासून करू नका. पीटर फेनविक यांनी १९९४ साली मांडलेली फेनविक ट्री ही डेटा साठवण्याची रचना या कामाला फार चांगली बसते: एका ओळीची उंची बदलणे आणि अमुक ओळीपर्यंतची बेरीज मिळवणे या दोन्ही गोष्टी ओळींच्या संख्येच्या लॉगरिदमइतक्या पायऱ्यांत होतात.

संख्यांच्या मर्यादेबद्दल आत्ताच काळजी घ्या, कारण टूलकिट पुढे इतरही वापरतील. १,२०० नावांत काही बिघडणार नाही. पण ३ लाख ओळींची यादी आली, तर एकूण उंची ७२,००,००० पिक्सेल होते आणि तिला ४१६ ने गुणताच गुणाकार ३२ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकाची २,१४,७४,८३,६४७ ही मर्यादा ओलांडतो. भागाकार नंतर असला तरी नुकसान आधीच झालेले असते. ३२ बिटचा फ्लोट (अपूर्णांक साठवणारा प्रकार) वापरणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण १,६७,७७,२१६ च्या पुढे तो प्रत्येक पूर्णांक वेगळा ओळखू शकत नाही. मूल्य ६४ बिट पूर्णांकात किंवा डबलमध्ये (दुप्पट लांबीच्या फ्लोटमध्ये) ठेवा. पुढे कधी विंडोजचा स्वतःचा स्क्रोलबार वापरलात, तर ओढतानाच्या संदेशात स्थान फक्त १६ बिटांत येते हे ध्यानात असू द्या. २४ पिक्सेलच्या २,७३१ ओळी झाल्या की एकूण उंची ६५,५३५ च्या पुढे जाते. खरे स्थान वेगळ्या फंक्शनने विचारून घ्यावे लागते.

आडवा आणि उभा असे दोन्ही स्क्रोलबार लागतील तेव्हा एक जण दुसऱ्याची जागा खातो: उभा आला की रुंदी कमी होऊन आडव्याची गरज पडते, आडवा आला की उंची कमी होते. ही तपासणी जास्तीत जास्त दोनदा करा आणि एकदा दाखवलेला स्क्रोलबार त्याच मांडणीत परत लपवू नका. उर्दूतली यादी असेल तर उभा स्क्रोलबार डावीकडे येतो आणि आडव्याचा आरंभ उजवीकडून होतो; रंगवणे आणि माऊस या दोन्हींसाठी ही उलटापालट एकाच फंक्शनमध्ये ठेवा.

किमान २४ पिक्सेलचा थंब माऊसला पुरतो, पण बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत असतात तसल्या स्पर्शपडद्यांवर बोटाला तो पुरणार नाही. तिथे तो दुप्पट करावा लागेल आणि ती संख्या कोडमध्ये न कोरता थीममधून घ्यावी. मॅक ओएस एक्सच्या लायन आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून, वापर नसताना लपणारे स्क्रोलबार रूढ झाले. पतसंस्थेच्या काउंटरसाठी मी ते सुचवणार नाही. यादी किती लांब आहे आणि आपण तिच्यात कुठे आहोत, हे लिपिकाला माऊस न हलवता दिसले पाहिजे.

हे सर्व बदलल्यावर चाचण्या खिडकी न उघडताच लिहा, कारण मूल्यावरून थंब आणि थंबवरून मूल्य काढणारी दोन्ही फंक्शने आता नुसती गणिते आहेत. शून्य मूल्याला थंब बरोबर वरच्या टोकाला आणि कमाल मूल्याला बरोबर खालच्या टोकाला आला पाहिजे. मधल्या कोणत्याही मूल्यावरून थंब काढून परत मूल्य काढले, तर फरक एका पिक्सेलच्या वाट्यापेक्षा, म्हणजे तुमच्या यादीत ६८ पेक्षा, जास्त नसावा. यादीत पाचच नावे असतील तर एकूण वजा पेज ऋण येते आणि नेमकी पेजभर नावे असतील तर शून्य, त्यामुळे भागाकारापूर्वी ही स्थिती अडवून स्क्रोलबार निष्क्रिय करा. खिडकी इतकी लहान केली की ट्रॅकच २४ पिक्सेलपेक्षा छोटा झाला, तर थंब काढूच नका, पण बाणबटणे चालू ठेवा. आणि ओढणे चालू असतानाच यादीत नवे नाव भरले गेले, ही चाचणी विसरू नका: मूल्य तसेच राहिले पाहिजे, आणि बटण सोडल्यावर नवे नाव यादीच्या शेवटी ओढून गाठता आले पाहिजे.